कायदा गावात पोचतो तेव्हा

प्योत्र झायोंचकोव्स्की हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, आणि माहीत असायला हवं असं मला गेली बरीच वर्षं वाटतंय. सोव्हिएत काळातला इतिहासकार, मॉस्को विद्यापीठात प्राध्यापक, आयुष्यभर एकोणिसाव्या शतकातल्या रशियाच्या सरकारी कागदपत्रांत बसलेला माणूस. 1954 मध्ये त्यांचं रशियातल्या भूदासांच्या मुक्तीवरचं पुस्तक आलं, पुढे त्याच्या सुधारून आवृत्त्या निघाल्या, इंग्रजीतही गेलं. आणि 1958 मध्ये अजून एक जाडजूड पुस्तक आलं, ज्याचा विषय एवढाच की 1861 चा तो कायदा प्रत्यक्ष अमलात कसा आला. पहिलं पुस्तक सगळे नावाजतात, पण माझा जीव दुसऱ्यात अडकलाय.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकले ती खरं तर गोष्टी आणि कविता वाचायला. लहानपणी लोकवाङ्मयच्या स्टॉलवरून आणलेली गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं घरात होती, तीच ओढ. पण डिक्शनरी शेजारी घेऊन जे सगळ्यात सावकाश आणि मन लावून वाचलं ते हे दुसरं पुस्तक, ज्यात पानंच्या पानं जमिनीचे आकडे, सनदा, तक्रारी आणि कुठल्यातरी जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने वर पाठवलेले रिपोर्ट आहेत.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण शाळेत आपण हे दोन ओळींत संपवतो. 19 फेब्रुवारी 1861 ला (तेव्हाच्या रशियन कॅलेंडरप्रमाणे) झार दुसऱ्या अलेक्झांडरने मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. जमीनदारांच्या मालकीचे भूदास तेव्हा सव्वादोन कोटींच्या आसपास होते, बायकापोरं धरून. जमिनीसकट विकता यायचे, कित्येकदा जमिनीशिवायही विकले जायचे. मालकाच्या परवानगीशिवाय लग्न नाही, गाव सोडणं नाही, आणि मालकाला मनात आलं तर पोरगा थेट सैन्यात. काही ठिकाणी आठवड्यातले तीन-तीन दिवस मालकाच्या शेतात वेठ, काही ठिकाणी वर्षाला ठरलेला रोख खंड. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, त्यामुळे अमेरिकेची गोष्ट मराठी वाचकाला कुठेतरी आपली वाटते. रशियातली ही मुक्ती त्या अमेरिकेतल्या 1863 च्या घोषणेच्याही दोन वर्षं आधीची, आणि माणसांच्या संख्येने कितीतरी मोठी.

पण सही झाली आणि माणसं मोकळी झाली असं काही झालं नाही. झायोंचकोव्स्की इथूनच सुरुवात करतात. सही झाल्यावर तो कायदा, म्हणजे एक कागद नाही हं, सतरा वेगवेगळे अधिनियम, तेव्हाची राजधानी पीटर्सबर्गमधून निघून शेकडो मैलांवरच्या चिखलाच्या रस्त्यांनी एकेका गावात जाणार, तिथल्या चर्चमध्ये पाद्री तो मोठ्याने वाचणार, आणि मग प्रत्येक जमीनदार आणि त्याची गावं यांच्यात एक सनद तयार होणार, ज्यात लिहिलेलं असणार की कुणाला किती जमीन, कुठली, आणि त्याबद्दल किती पैसे किंवा किती दिवसांचं काम. दोन वर्षं मुदत होती त्याला. तोपर्यंत सगळं जुन्यासारखंच चालू. आणि सनद झाल्यावरही शेतकरी मोकळा होत नव्हता, जमिनीच्या किमतीचा व्यवहार पुरा होईपर्यंत त्याला 'तात्पुरता बांधील' म्हणायचे, आणि ही तात्पुरती अवस्था बऱ्याच ठिकाणी वीस वर्षं चालली. 1881 च्या कायद्याने शेवटी जमीन विकत घेणं सगळ्यांना सक्तीचं केलं, 1 जानेवारी 1883 पासून.

किमतीचं गणित तर मी वहीत मांडून बघितलं, कारण वाचून विश्वास बसेना. समजा एखादा शेतकरी वर्षाला 10 रूबल खंड भरत होता. तर असं धरायचं की बँकेत किती रक्कम ठेवली तर 6 टक्के व्याजाने वर्षाला 10 रूबल येतील? 166 रूबल 67 कोपेक. ही झाली जमिनीची 'किंमत'. म्हणजे जमीन बाजारात कितीला जाते याच्याशी संबंध नाही, मालकाचं उत्पन्न बुडायला नको एवढाच हिशोब. पूर्ण वाटणी असेल तर त्यातले 80 टक्के, 133 रूबल 33 कोपेक, सरकार मालकाला देणार, उरलेले शेतकऱ्याने स्वतः द्यायचे. आणि सरकारने जे दिलं ते शेतकऱ्याकडून दरवर्षी 6 टक्क्यांनी वसूल, म्हणजे वर्षाला 8 रूबल, 49 वर्षं. आठ गुणिले एकोणपन्नास, 392 रूबल. 133 चे 392. आणि हे सगळं गावाने सामुदायिक जबाबदारीवर फेडायचं, एकाने नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं, त्यामुळे गाव कुणाला सोडून जाऊ देणार नाही. 1905 ची क्रांती झाली तेव्हा कुठे सरकारने हप्ते आधी निम्मे आणि 1907 पासून बंद केले.

शिवाय जमीन कमी झाली ती वेगळीच. कायद्यात प्रत्येक भागासाठी वाटणीची कमाल मर्यादा ठरवलेली, आणि मुक्तीच्या आधी शेतकरी त्याहून जास्त जमीन कसत असला तर वरची जमीन मालकाने कापून घ्यायची. या कापलेल्या तुकड्यांना 'ओत्रेझ्की' म्हणायचे. झायोंचकोव्स्की आणि त्यांच्यामागून आलेल्या अभ्यासकांनी सनदा एकेक करून तपासल्या तेव्हा दिसलं की बऱ्याच ठिकाणी कपात पाचव्या भागाएवढी होती, काही व्होल्गाकाठच्या प्रांतांत त्याहून बरीच जास्त. आणि नुसती किती कापली हा प्रश्न नव्हता, कुठली कापली हाही होता. गुरांच्या पाण्यावर जायची वाट, गवताचं कुरण, जंगलाचा कडेचा पट्टा. ते गेलं की शेतकऱ्याला परत मालकाच्या दारात जाऊन तोच तुकडा कसायला मागावा लागणार, आणि बदल्यात काम. म्हणजे कागदावर वेठ संपली आणि नकाशावर ती परत आली.

हे सगळं दाखवायला इतिहासकाराला पीटर्सबर्गचे राजवाडे सोडून जिल्ह्याच्या दप्तरात उतरावं लागतं, आणि झायोंचकोव्स्कींची ती ताकद होती. 1944 ते 1952 ते मॉस्कोच्या लेनिन लायब्ररीत हस्तलिखित विभागाचे प्रमुख होते. मंत्र्यांच्या डायऱ्या त्यांनी संपादित करून छापल्या, क्रांतीपूर्व रशियातल्या डायऱ्या आणि आठवणींची एक प्रचंड सूची त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली, जी आजही लोक वापरतात. 1960 नंतर अमेरिकेतून येणारे तरुण अभ्यासक, टेरेन्स एमन्स, डॅनियल फील्ड, त्यांच्या हाताखाली शिकून गेले. शीतयुद्ध चालू असताना एक सोव्हिएत प्राध्यापक परदेशी पोरांना दप्तरात कुठे काय सापडेल ते सांगतोय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. 1983 मध्ये ते गेले, तेही त्या लायब्ररीतच.

मला हे पुस्तक इतकं का भिडलं याचं एक कारण घरचं आहे. माझे आजोबा कूळ होते. 1 एप्रिल 1957 ला कुळकायद्याने ते कागदोपत्री जमिनीचे मालक झाले, पण घरात त्या तारखेबद्दल कुणी कधी बोललं नाही, बोलायचे ते त्याच कायद्यातल्या '32 ग' कलमाच्या केसबद्दल. तहसील कचेरीतल्या तारखा, किंमत ठरणं, हप्ते, आणि शेवटी 32 म चं सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत सातबाऱ्याच्या इतर हक्कांत अडकून पडलेली ती एक ओळ. आमच्याकडची किंमत शेतसाऱ्याच्या पटीत ठरली, रशियातल्यासारखी मालकाच्या उत्पन्नावर नाही, आणि हप्तेही थोडे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पण सही आणि सर्टिफिकेट यांच्या मधली ती वर्षं कशी असतात हे मी घरात ऐकलेलं होतं, आणि त्याच वर्षांवर कुणीतरी एवढं मोठं पुस्तक लिहावं याचं मला फार वाटलं.

आता बेझ्दनाकडे येते, कारण तिथूनच मी दुसऱ्या माणसापर्यंत पोचले.

बेझ्दना हे काझान प्रांतातल्या स्पास्क जिल्ह्यातलं एक गाव. एप्रिल 1861. कायद्याच्या प्रती गावात आल्यात, पण भाषा अशी की पाद्रीलाही धड कळत नाही. गावात अंतोन पेत्रोव नावाचा एक शेतकरी होता, त्याला थोडंफार वाचता यायचं. लोकांनी त्याला सांगितलं, तू वाच, यात आपली खरी मुक्ती कुठे लिहिलीय ते शोध. कारण सगळ्यांची पक्की खात्री होती की झारने पूर्ण मुक्ती दिलीय, जमिनीसकट, आणि मधल्या जमीनदारांनी, अधिकाऱ्यांनी ती दडवलीय. पेत्रोवने अनेक दिवस त्या पुस्तकात डोकं घातलं. आणि एका ठिकाणी त्याला '10%' असं छापलेलं दिसलं. टक्क्याची खूण त्याने आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती. त्याला ती संत ॲनाच्या क्रॉसची मोहोर वाटली, झारने स्वतः उमटवलेली, आणि त्या मोहोरेखालचा मजकूर म्हणजेच खरी मुक्ती. त्याने तसं सांगितलं. आजूबाजूच्या गावांतून हजारो माणसं येऊन त्याच्या घराभोवती जमली. त्यांनी मालकाचं काम थांबवलं.

जनरल आप्राक्सिन शिपाई घेऊन आला. पेत्रोवला ताब्यात द्या म्हणाला, लोकांनी दिला नाही. 12 एप्रिलला नि:शस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या, एकामागून एक फैरी. सरकारी आकडा 51 मृत आणि 77 जखमी, नंतरच्या मोजदादीत मृतांचा आकडा 90 च्या वर गेला. पेत्रोव बाहेर आला तो कायद्याचं पुस्तक डोक्यावर धरून. 19 एप्रिलला त्याला गोळ्या घातल्या. डॅनियल फील्डने यावर जे लिहिलंय त्यात एक गोष्ट त्याने फार जपून मांडलीय, की या माणसांना अडाणी म्हणून सोडून देऊ नका, झारवर विश्वास आहे असं म्हणत म्हणत ती सरकारचा हुकूम मोडत होती, आणि तो विश्वास त्यांना उपयोगाचाही होता. मला ते पटतं. टक्क्याच्या खुणेत मोहोर बघणारा पेत्रोव चुकला होता हे खरं, पण दहा टक्के, सहा टक्के, एकोणपन्नास वर्षं, याच आकड्यांत आपलं नुकसान दडलंय हा त्याच्या लोकांचा संशय शंभर टक्के बरोबर होता.

गोळीबारानंतर चारच दिवसांनी, 16 एप्रिलला, काझान शहरात विद्यापीठाच्या आणि धर्मशास्त्र अकादमीच्या शेकडो विद्यार्थ्यांनी कब्रस्तानातल्या चर्चमध्ये बेझ्दनाच्या मेलेल्यांसाठी प्रार्थनासभा घेतली. तिथे अफानासी श्चापोव बोलला. तिशीतला इतिहासाचा प्राध्यापक, सैबेरियातल्या इर्कुत्स्ककडच्या एका खेड्यात जन्मलेला, रशियाचा इतिहास झारांच्या नाही तर प्रांतांच्या बाजूने लिहायला हवा असं म्हणणारा. भाषणाच्या शेवटी त्याने लोकशाही राज्यघटनेचा जयजयकार केला. त्याला धरून पीटर्सबर्गला नेलं, पुढे सैबेरियात पाठवलं, 1876 मध्ये तो इर्कुत्स्कला वारला. म्हणजे बघा, मुक्तीच्या कायद्याचा पहिला इतिहासकार एका अर्थी हाच, कायदा होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

हे वाचताना मला प्रश्न पडला की हे विद्यार्थी कुठल्या इमारतींतून बाहेर पडून त्या कब्रस्तानाकडे गेले असतील. आणि तिथे मला मिखाईल कोरिन्फ्स्की भेटला.

काझान विद्यापीठाची रस्त्याकडची लांबलचक पांढरी इमारत प्योत्र प्यात्नित्स्कीची, 1820 च्या दशकातली. त्याच्यामागच्या आवारात ज्या इमारती आहेत, गोल ॲनाटॉमी थिएटर (शवविच्छेदन शिकवायचा हॉल), वेधशाळा, लायब्ररी, केमिस्ट्रीची लॅब, त्या 1830 च्या दशकात कोरिन्फ्स्कीने बांधल्या. त्या वेळी विद्यापीठाचे रेक्टर होते निकोलाय लोबाचेव्स्की, युक्लिडची भूमिती सोडून नवी भूमिती मांडणारे, आणि बांधकाम समितीचे अध्यक्षही तेच. त्यांनी त्यासाठी स्थापत्याचा अभ्यास केला. एका बाजूला समांतर रेषांचा जगात कुणी न केलेला विचार आणि दुसऱ्या बाजूला विटा, चुना, कंत्राटदार, या दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच निष्ठेने केल्या. याच लॅबमध्ये 1844 मध्ये कार्ल क्लाऊसने रुथेनियम हे मूलद्रव्य शोधलं. पण लोबाचेव्स्की आणि क्लाऊस जगाला ठाऊक आहेत, आणि ज्याने त्यांना खोल्या बांधून दिल्या त्याचं नाव रशियातही, त्याने जिथे बांधलं त्या तीन-चार शहरांबाहेर, कुणी घेत नाही.

माझी भाची काझानला एमबीबीएस करतेय. आपल्याकडची बरीच मुलं आहेत तिथे, नगरची, नांदेडची, जळगावची. तिला मी एक दिवस म्हटलं, विद्यापीठाच्या जुन्या आवारात जा आणि मला व्हिडिओ कॉल लाव. ती समोरच्या गोल चौकात उभी राहिली, ज्याला तिथली पोरं 'तळणीचा तवा' म्हणतात, मग मागे गेली. मोबाईल धरून ती त्या ॲनाटॉमी थिएटरसमोर उभी होती आणि मी इकडून सांगत होते, डावीकडे घे, आता वर घे, खांबांच्या माथ्यावर घे. दोन्ही बाजूंनी खांबांची रांग अर्धवर्तुळात वळत येते आणि मधल्या इमारतीला कवेत घेते. हिवाळा होता, खांबांच्या बैठकीपर्यंत बर्फ. भाची म्हणाली, मावशी, इथून मी कितीदा गेलेय, हे कुणी बांधलं असेल हे कधी डोक्यातच नाही आलं. तिला म्हटलं, वीट आहे ती, दगड नाही, जवळ जा आणि गिलाव्याचा पोपडा कुठे सुटलाय का बघ. खालच्या कोपऱ्यात सापडला तिला, आत लालसर वीट. राजधानीत ग्रॅनाइटचे खांब उभे राहायचे, प्रांतात विटेचे खांब आणि वर गिलावा. पण प्रमाण तेच, दोन खांबांमधलं अंतर, सावली पडायची जागा तीच. ते जमवायला गाव आणि गवंडी दोन्ही ओळखणारा माणूस लागतो.

हा माणूस 1788 मध्ये आर्झमासला जन्मला, मूळचं आडनाव वारेंत्सोव. आर्झमास म्हणजे नीझ्नी नोव्हगोरोदच्या दक्षिणेला तेशा नदीकाठचं व्यापारी गाव, चामड्यासाठी प्रसिद्ध. तिथे 1802 मध्ये अलेक्सांद्र स्तूपिन नावाच्या चित्रकाराने शाळा काढली, रशियात प्रांतातली पहिली चित्रशाळा. कोरिन्फ्स्की तिथे शिकला आणि मग पीटर्सबर्गला अंद्रेई वोरोनिखिनकडे गेला. वोरोनिखिन हे नाव मोठं, पीटर्सबर्गच्या नेव्हस्की रस्त्यावरचं कझान कॅथीड्रल त्यांचं, 1801 ते 1811. आणि वोरोनिखिन स्वतः जन्माने भूदास, 1759 मध्ये उरालकडे स्त्रोगानोव घराण्याच्या मालकीत जन्मलेले, 1785 मध्ये मुक्त झालेले. राजधानीतल्या सगळ्यात भव्य रस्त्यावर दोन्ही हात पसरून उभी असलेली ती खांबांची रांग एका जन्माने भूदास असलेल्या माणसाची आहे.

1814 मध्ये वोरोनिखिन वारले आणि त्याच वर्षी त्यांचा सव्वीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या गावी कॅथीड्रल बांधायला लागला. नेपोलियनविरुद्धच्या 1812 च्या युद्धातल्या विजयाचं स्मारक म्हणून, गावातल्या लोकांनी जमवलेल्या पैशातून. ते पुरं झालं 1842 मध्ये. अठ्ठावीस वर्षं. चारही बाजूंना सारखेच प्रशस्त पोर्टिको, म्हणजे खांबांवरचे दर्शनी मंडप, कुठूनही या, समोरची बाजू तीच. आत भिंतींवर करड्या एकाच रंगाच्या छटांत काढलेली चित्रं, लांबून शिल्पं कोरल्यासारखी वाटतात, ती स्तूपिनच्या शाळेतल्या चित्रकारांनी काढली. सिम्बिर्स्कला त्याने अजून एक कॅथीड्रल बांधलं, 1841 मध्ये पुरं झालेलं, ते 1930 च्या दशकात पाडलं. 1842 मध्ये काझानला मोठी आग लागली त्यात विद्यापीठाच्या इमारतींनाही झळ लागली, लोबाचेव्स्कींनी पुस्तकं आणि उपकरणं वाचवली, इमारती परत उभ्या केल्या. कोरिन्फ्स्की 1851 मध्ये वारला, मुक्तीच्या कायद्याआधी दहा वर्षं.

स्तूपिनच्या शाळेबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं, कारण माझ्या दोन्ही विषयांची गाठ तिथे पडते. या शाळेत भूदासांची मुलं शिकायची. मालकच पाठवायचे, घरी एखादा चित्रकार बाळगायला मिळावा म्हणून. मुलगा चार-सहा वर्षं शिकायचा, शरीरशास्त्र, परस्पेक्टिव्ह, तैलरंग, मुक्त मुलांच्या शेजारी बसून, आणि मग मालक परत बोलवायचा, घरच्या भिंती रंगवायला नाहीतर ताटं वाढायला. ग्रिगोरी म्यास्निकोव्ह नावाच्या एका हुशार विद्यार्थ्याला मालक काही केल्या मुक्त करेना, तेव्हा त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. स्तूपिन आपल्या मुलांच्या सुटकेसाठी मालकांपुढे शब्द टाकत राहायचे. भूदास म्हणून जन्मलेला युक्रेनी कवी आणि चित्रकार तारास शेव्हचेन्को सुटला तो 1838 मध्ये, 2500 रूबल देऊन, नामांकित चित्रकार ब्र्युलोवने काढलेल्या एका पोर्ट्रेटची लॉटरी करून जमवलेले. ज्यांच्यामागे कुणी ब्र्युलोव नव्हता अशी कितीतरी मुलं आर्झमाससारख्या गावांत शिकून परत त्याच दारात गेली. स्वतः स्तूपिन 1861 मध्येच वारले, मुक्तीच्या वर्षी, आणि त्यांच्यामागून शाळाही बंद पडली.

आता कुणी म्हणेल की कॅथीड्रलचा वास्तुकार आणि जमिनीच्या सनदा मोजणारा इतिहासकार यांना एका लेखात का बसवायचं. मला ते एकाच कामातले वाटतात. कझान कॅथीड्रल पीटर्सबर्गला बांधणं एक, आणि त्यातली कल्पना आर्झमासच्या चिखलात, तिथल्या विटेने, तिथल्या चामड्याच्या व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून अठ्ठावीस वर्षं उभी करत राहणं वेगळं. मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही करणं एक, आणि बेझ्दनाच्या शेतकऱ्याच्या हातात काय पडलं हे वेगळं. पहिल्या प्रकारच्या माणसांना पुतळे मिळतात. दुसऱ्या प्रकारचं काम करणारे, मग ते चांगलं असो की वाईट, नावानिशी शोधून काढावे लागतात, आणि ते शोधणाऱ्या इतिहासकाराचं पुस्तक मंत्र्यांची चरित्रं लिहिणाऱ्याच्या पुस्तकापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं, यात मी अगदी ठाम आहे.

जिल्ह्यातली सगळीच माणसं दगाबाज नव्हती, हेही याच पुस्तकांतून कळतं. सनदांचे तंटे सोडवायला 'शांतता मध्यस्थ' नेमले होते, स्थानिक उमरावांमधूनच. बरेचजण अर्थातच आपल्या जातभाईंच्या बाजूने झुकले. पण काही नाही झुकले. काझानला ज्याचं शिक्षण अर्धवट राहिलं तो लेव्ह तोल्स्तोय 1861 मध्ये तुला प्रांतात असा मध्यस्थ झाला, शेतकऱ्यांची बाजू घेतो म्हणून जमीनदार त्याच्यावर इतके उखडले की वर्षभरात त्याने काम सोडलं. शेतकऱ्यांनीही ठिकठिकाणी सनदांवर सह्या करायला साफ नकार दिला. सही केली तर खरी मुक्ती येईल तेव्हा आपल्याला मिळणार नाही अशी भीती. मग सह्यांशिवायच सनदा लागू केल्या. अशा हजारो सनदा दप्तरात आहेत, ज्यात शेतकऱ्यांच्या सहीची जागा मोकळी आहे. आकड्यांच्या पुस्तकात ही एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. सही न करणं एवढा एकच हक्क त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी वापरला.

सध्या बोरीस लित्वाकचं 1972 चं पुस्तक मिळवायच्या मागे आहे, मध्य रशियातल्या काळ्या मातीच्या भागात या सनदा कशा झाल्या त्यावरचं. झायोंचकोव्स्कींनी जी पद्धत घातली ती लित्वाकने एकेका जिल्ह्यापर्यंत नेली. कुणाकडे रशियनमधली प्रत असेल तर कळवा, झेरॉक्सचा खर्च मी देईन.

आणि भाचीच्या मागे लागलेय. काझानहून मॉस्कोला जाणाऱ्या गाड्या आर्झमासवरून जातात, उन्हाळ्यात मुंबईच्या फ्लाइटसाठी ती मॉस्कोला जाणारच आहे, तर एक दिवस आधी निघ आणि उतर म्हटलंय. कॅथीड्रलला चारही बाजूंनी चक्कर मार, आतल्या करड्या चित्रांचे फोटो फ्लॅश न मारता काढ, चालत असेल तरच, आणि स्तूपिनच्या शाळेची जागा कुठे ते गावात विचार. ती म्हणाली रशियन येतं मला आता तेवढं, विचारते.